कापूसबाजारात मापलेलं आभाळ

मी ग्रहताऱ्यांची बाई आहे असं कळल्यावर वऱ्हाडातल्या कारंजा गावात माझ्याकडे पहिली जी मंडळी आली, ती पत्रिका घेऊन आली. कुणाच्या मुलीला मंगळ, कुणाच्या जावयाला शनी. एका गृहस्थांनी तर म्हैस व्यायल्याची वेळ कागदावर लिहून आणली होती. पारडू जगेल का, असा त्यांचा प्रश्न होता. मी सगळ्यांना बसवून चहा द्यायची आणि सांगायची, की शनी मला ठाऊक आहे, पण तुमच्या जावयाशी त्याची ओळख असल्याचं मला दिसत नाही. लोक रागावत नसत. "बाई साध्या हायेत, अजून शिकून राह्यल्या," असं म्हणून निघून जात.

माझं काम वेगळं होतं. मी कारंज्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची, आणि त्या सत्तरच्या दशकात शनिवारी आणि सुट्ट्यांमध्ये आसपासच्या शाळांमध्ये अवकाश प्रयोगवर्ग घ्यायची. माणूस चंद्रावर जाऊन आला होता, पेपरात यानांची चित्रं येत होती, आणि आमची पोरं ती चित्रं कापून वहीच्या पुठ्ठ्याला डकवत होती. चित्रावर थांबू नये, हातानं करून पाहावं, एवढाच त्या वर्गाचा उद्देश होता. वाशीम तेव्हा स्वतंत्र जिल्हा नव्हता, आम्ही अकोला जिल्ह्यात मोडत होतो आणि शिक्षणखात्याच्या नकाशावर जवळजवळ नव्हतोच. त्यामुळे कुणी विचारायलाही येत नसे. हे एका परीनं बरंच झालं.

प्रयोगवर्ग म्हणजे काय, ते सांगते. एका बंद खोलीत कंदील ठेवायचा. प्रत्येक पोराच्या हातात काडीला टोचलेला बटाटा. कंदिलासमोर उभं राहून बटाटा हातभर पुढे धरला आणि जागच्या जागी गोल फिरलं की बटाट्यावर अमावास्या, अष्टमी, पौर्णिमा ओळीनं दिसतात. चष्म्याच्या दुकानातली दोन भिंगं आणि पुठ्ठ्याची नळी घेतली की दुर्बीण होते. चंद्रावरचे खड्डे दिसण्यापुरती चांगली, बाकी विशेष नाही. आणि उपग्रह वर कसा टिकतो हे शिकवायला आमच्याकडे गोफण होती. जोंधळ्यावरची पाखरं हाकलणाऱ्या पोरांना गोफण कशी फिरते हे सांगावं लागत नव्हतं. "दगड सुटायला पाहते आन दोरी त्याले सोडत नाई," हे त्यांनीच मला सांगितलं. मी फक्त एवढंच म्हणायची, की आता दोरीच्या जागी पृथ्वीची ओढ धरा. वर्गात माझं बोलणं कमी आणि त्यांचे हात जास्त, हा माझा एकमेव नियम. तो मी बहुतेक वेळा पाळला.

माझ्या विद्यार्थ्यांमध्ये एक साठीचे गृहस्थ होते. रतनशेठ. कारंज्यातले जैन व्यापारी, कापसाचे अडते. सूर्यास्तानंतर ते पाण्याचा थेंबही घेत नसत, त्यामुळे सूर्य कधी मावळतो याची त्यांच्याइतकी चौकशी करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पंचांगात दिलेली वेळ आणि त्यांच्या गच्चीवरून दिसणारा सूर्यास्त यांत फरक का पडतो, हे विचारायला ते एकदा शाळेत आले आणि मग येतच राहिले. मागच्या बाकावर पोरांबरोबर बसायचे, बटाटा हाती धरून फिरायचे. बटाटा ते खात नसत. पण फिरवायला हरकत नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं.

आता मुख्य गोष्ट.

एकोणऐंशी सालच्या उन्हाळ्यात सगळीकडे एकच चर्चा होती. अमेरिकेची स्कायलॅब नावाची प्रयोगशाळा, चांगली दुमजली घराएवढी, बरीच वर्षं पृथ्वीभोवती फिरत होती. आता ती हळूहळू खाली सरकत होती आणि पावसाळ्यात कधीतरी पडणार होती. कुठं पडणार हे कुणालाच सांगता येत नव्हतं. तोवर मात्र ती अधूनमधून संध्याकाळी आमच्याच डोक्यावरून जात होती, ठळक चांदणीसारखी, दोन-चार मिनिटांत आभाळ ओलांडून.

माझ्या मनात आलं, ती किती उंचावरून जाते हे आपल्या पोरांना मोजता येईल का?

हे मोजणं वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. झाडाचा शेंडा दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून पाहिला, तर मान कमी-जास्त वर करावी लागते. दोन ठिकाणांमधलं अंतर ठाऊक असेल आणि मान किती वर केली ते मोजलं असेल, तर झाडावर न चढता उंची काढता येते. यान झाडापेक्षा फार उंच, म्हणून दोन ठिकाणंही तितकीच लांब हवीत. कामरगाव आणि मेडशी ही माझी दोन गावं नकाशावर सरळ रेघेनं साठेक किलोमीटरांवर होती. दोन्हीकडे माझे उन्हाळी वर्ग चालू होते.

कामरगावला वानखडे सर होते, हौशी आणि काटेकोर. मेडशीचा गट मी स्वतः सांभाळणार होते. त्या गटाची म्होरकी सुजाता, नववीतून दहावीत गेलेली. तिचे वडील नामदेवराव थोडी स्वतःची शेती आणि बाकी मजुरी करून घर चालवत. त्यांच्या बौद्धवाड्यात मुलींनी शिकायचंच, यावर दुमत नव्हतं. पण संध्याकाळी घराबाहेर थांबायचं, यावर होतं. नामदेवरावांनी मला विचारलं, "बाई, हे वरतं पाहून हिले काय भेटन?"

मी म्हणाले, "मोजायला शिकेल."

"मोजाले त ते शिकलीच हाय. मजुरीचे पैसे तेच मोजते." मग म्हणाले, "पन मी बी येतो मंग. मले बी पाहाचं हाय."

आमचं यंत्र घरचंच होतं. अर्धगोल लाकडी फळी, तिच्या कडेवर अंशांच्या खुणा, वरच्या बाजूला बोरूची सरळ नळी आणि मध्यावरून लोंबणारा ओळंबा, म्हणजे गवंडी वापरतात तसा दोऱ्याला बांधलेला खडा. नळीतून चांदणी धरायची. दोरा ज्या खुणेवर येईल तो कोन. दोन्ही गावांनी घ्यायचा तो यान सर्वांत उंच येईल त्या क्षणाचा. सुजातानं पहिल्याच दिवशी खड्याऐवजी नट बांधला. खडा वाऱ्यानं हलतो, नट कमी हलतो. मग सगळ्याच फळ्यांना नट लागले.

नागपूरला माझे एक जुने प्राध्यापक होते. त्यांनी ट्रंककॉलवर काही संध्याकाळच्या अंदाजे वेळा सांगितल्या. पहिल्या संध्याकाळी कामरगावला अशी धूळ उठली की वानखडे सरांना समोरचं पिंपळाचं झाडही दिसेना. त्यानंतर दोन दिवस यान सोयीच्या बाजूनं जाणार नव्हतं. पुढची संध्याकाळ हीच खरी संधी होती, कारण त्यानंतर वेळा बदलणार होत्या आणि पावसाचे ढगही यायला लागले असते.

त्या संध्याकाळी मेडशीत लग्न होतं.

आम्ही शाळेच्या मैदानावर फळ्या घेऊन उभे होतो. दिवस मावळून अंधारायला लागलं होतं, चांदण्या एकेक करून दिसू लागल्या होत्या, आणि तेवढ्यात वरात रस्त्याला लागली. पुढे बँड, दोन्ही बाजूंना डोक्यावर ग्यासबत्त्या घेतलेल्या बाया. त्या पांढऱ्या उजेडात आभाळ एकदम काळंठिक्कर झालं. एकही चांदणी दिसेना. वरात शाळेसमोरच थांबली, कारण नवरदेवाच्या मित्रांना तिथंच नाचायचं होतं.

मी काय करावं या विचारात होते, तोवर सुजाता मैदान ओलांडून वरातीत शिरली. तिच्यामागे नामदेवराव, त्यांच्यामागे मी. ती थेट बँडवाल्यांच्या पुढाऱ्यासमोर उभी राहिली.

"काका, जरासक थांबता का? बत्त्या झाकून घ्या."

"काहून व? कोनाचं काई झालं काय?"

"नाई. वरून स्कायलॅब जाऊन राह्यली. आमाले मोजाची हाय."

बँड थांबला. गर्दीत कुजबुज झाली. घोड्यावरचा नवरदेव मुंडावळ्या बाजूला करून खाली वाकला. "कोन जाऊन राह्यलं?"

"अमेरिकेचं यान," सुजाता म्हणाली. "तुमाले बी दिसन. पन बत्त्या झाकाव लागन."

नवरदेव आमच्याच भागातल्या मालेगावचा, थोडंफार शिकलेला. त्यानं वर पाहिलं, मग आपल्या वडिलांकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाबा, झाकू द्या न. लगन काय पळून चाललं?"

बायांनी ग्यासबत्त्या खाली ठेवून घमेल्यांनी आणि पोत्यांनी झाकल्या. सगळी वरात अंधारात उभी राहिली. डोळे सरावले तशा चांदण्या परत आल्या. आम्ही धावत आपापल्या जागी गेलो. थोड्याच वेळात वायव्येकडून स्कायलॅब निघाली, न लुकलुकणारी, गुपचूप, एकसारख्या चालीनं. सबंध वरातीच्या तोंडून "आरे बाप" एवढाच एक आवाज आला. सुजाता एक डोळा मिटून यान नळीत धरत फळी वर वर नेत होती. यान सर्वांत उंच आलं त्या क्षणी तिनं दोरा अंगठ्यानं फळीवर दाबून धरला. यान आग्नेयेकडे उतरून दिसेनासं झालं, तरी तिनं अंगठा काढला नव्हता. मी कंदील आणून खूण वाचली. बाकीच्या चार फळ्यांवरचे कोनही तिच्या जवळपासच होते.

मग बत्त्या उघडल्या, बँड वाजला आणि नवरदेव आपल्या लग्नाला गेला.

कामरगावला त्या संध्याकाळी आभाळ स्वच्छ होतं. वानखडे सर दोन दिवसांनी आपला गट घेऊन कारंज्याला आले, मी मेडशीचा आणला. आता यानाचा त्रिकोण काढायचा होता. कागदावर तो इतका चिंचोळा येत होता की पेन्सिलीच्या टोकाएवढी चूक झाली तरी उंची पार बदलायची. मोठी जागा हवी होती. रतनशेठ म्हणाले, "आमचं आवार हाय की रिकामं. आता कापूस कुठं हाय? फक्त खुंट्या ठोकताना मुंग्यांची वारुळं सांभाळा."

कापूसबाजाराच्या त्या मोकळ्या आवारात आम्ही एका किलोमीटरला चार बोटं असं माप धरलं. एक लांब सरळ रेघ आखली. तिच्या एका खुणेवर कामरगाव, दुसऱ्या खुणेवर मेडशी. प्रत्येक गावावर एक खुंटी, खुंटीला सुतळी, आणि ज्या गावात जो कोन मिळाला होता त्या कोनात ती सुतळी ओढत न्यायची. दोन्ही सुतळ्या जिथं एकमेकींना छेदतील तिथं यान. तिथून रेघेपर्यंतचं अंतर म्हणजे त्याची उंची.

रतनशेठ वारुळं पाहत पुढे चालत होते आणि त्यांनी दोनदा आम्हाला खुंटी हलवायला लावली. मेडशीची सुतळी सुजाता ओढत होती, कामरगावची दोन मुलं दुसऱ्या बाजूनं येत होती. सुतळ्या जवळ येत होत्या, पण मिळत नव्हत्या. आमची सुतळी संपली. रतनशेठांनी गोदामातून कापसाच्या गाठींची सुतळी आणवली. ती जोडली. पुन्हा चाल. आवाराच्या पार टोकाला, बैलगाड्या उभ्या करतात त्या कडुलिंबाखाली, सुजाताच्या हातातली सुतळी कामरगावच्या सुतळीवर टेकली.

वानखडे सरांनी अंतर मोजलं आणि पुन्हा मोजलं. उंची तीनशे किलोमीटरच्या थोडी आत आली.

मी पोस्टात जाऊन नागपूरला फोन लावला. प्राध्यापक म्हणाले, "किती आली तुमची?" मी सांगितली. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "अहो, आमच्याकडेही जवळपास तेवढीच आहे. तुम्ही मोजली कशानं?"

"सुतळीनं," मी म्हणाले.

मी परत आले तेव्हा पोरं लिंबाखाली सुतळीच्या त्या छेदाभोवती बसून होती. मी आकडा सांगितला. सुजातानं विचारलं, "म्हंजे बरोबर आलं?" मी हो म्हणाले. ती हसली नाही की ओरडली नाही. खाली बसली, आणि ज्या अंगठ्यानं दोरा दाबला होता तो उगाचच पाहत राहिली. रतनशेठांनी सगळ्यांना पेढे वाटले, स्वतः मात्र आधी पश्चिमेकडे पाहून मगच पेढा खाल्ला. त्या आवाराचा, त्या सुतळ्यांचा एकही फोटो आमच्याकडे नाही, याची हळहळ मला आजही वाटते.

पण आम्हाला ठाऊक नव्हतं, की ती वरात घरोघरी परतली तेव्हा आमची गोष्ट बरोबर घेऊन गेली होती. आणि जाता जाता ती बदलत गेली होती.

जुलै उजाडला. शाळा सुरू झाल्या, पेरण्या उरकल्या, आणि स्कायलॅब आता काही दिवसांत पडणार असं रेडिओ सांगू लागला. गावोगावी भीती पसरली. लोक कोंबड्या-बकरे कापून खात होते, की पुढं खायला मिळो न मिळो. मेडशीत तर वेगळंच सुरू झालं. आपल्याकडे झोपलेल्या लेकराला मापत नाहीत, धान्याची रास उगाच मोजत नाहीत. नजर लागते असं मानतात. कुणीतरी म्हटलं, की या शाळेच्या पोरांनी त्या यानाला मापलं, दोरीनं धरलं, म्हणून ते आता दोरीच्या वाटेनं मेडशीवरच येणार. बायांनी निंदायला जाणं बंद केलं. उघड्या वावरात मरण्यापेक्षा घरात मरू, असं त्या म्हणत. जोंधळ्यात आणि कपाशीत गवत माजू लागलं. पोरांना शाळेत पाठवणं बंद झालं. मुख्याध्यापकांनी मला निरोप धाडला, की तूर्त तुम्ही इकडे येऊ नका, लोक तुमच्यावर चिडून आहेत. वर्ग कायमचा बंद करा असंही म्हणताहेत.

मी गेले.

शाळेच्या मोठ्या खोलीत लोक जमले होते. बाहेर रिमझिम चालू होती. सगळ्यांत पुढं किसनआबा बसले होते, गावातले जुने आणि वजनदार शेतकरी. त्यांचा शब्द खाली पडत नसे. त्यांनी मला बसायला सांगितलं, पण आवाज कडक होता.

"बाई, तुमी शिकेल मानूस. मले एवढंच सांगा, ते यंत्र आपल्या रस्त्यानं जाऊन राह्यलं होतं. पोट्ट्यायनं त्याले मापाचं काय काम होतं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्याआधी सुजाता उठली. नामदेवराव तिच्या मागच्या भिंतीला टेकून उभे होते. लोकांनी गेल्या आठवड्यात त्यांनाही बरंच ऐकवलं होतं, हे मला मागाहून कळलं. त्यांनी तिला थांबवलं नाही.

"आबा, तुमी रोज सकाळी वट्ट्यावरून बैल मोजता," ती म्हणाली. "मंग बैल मरते काय?"

कुणीतरी हसलं. आबा म्हणाले, "बैल आपला हाय. हे परायं हाय."

"बरं, मंग आपून पाहू ते कोठी पडते."

ती आणि तिच्या मैत्रिणींनी आदल्या दिवशीच खोलीच्या फरशीवर खडूनं जगाचा नकाशा काढून ठेवला होता. मला त्याची कल्पना नव्हती. भिंतीपासून भिंतीपर्यंत मोठा नकाशा. समुद्र निळ्या खडूनं भरलेला, जमीन मोकळी सोडलेली. त्यात आपला देश सुपाएवढा.

"ह्या सुपात आपलं मेडशी केवढं?" तिनं विचारलं आणि मुठीतून जोंधळ्याचा एक दाणा काढला. "हा दाना ठेवला त अर्धा तालुका झाकते. मेडशी खसखशीच्या दान्याहून लहान हाय. आता सगळ्यायनं पाठ करा आन एकेक दाना मागं फेका. पाहू कोनाचा मेडशीवर पडते."

आधी कुणी उठेना. मग एक म्हातारी उठली, पाठ केली आणि खांद्यावरून दाणा फेकला. तो निळ्यात पडला. "समुद्रात गेला व माय," ती म्हणाली. तिच्यामागे दुसरी. मग माणसं उठली. थोड्या वेळानं रांग लागली. दाणे निळ्यात पडत होते, वाळवंटात पडत होते, एखादा बर्फात जात होता. सुपात मोजकेच पडले, आणि मेडशीच्या जवळ एकही नाही. लोक वाकून वाकून पाहत होते. ज्याचा दाणा सुपात पडे, तो उगाच ऐट करी.

किसनआबा शेवटी उठले. त्यांनी दाणा घेतला नाही. "पोरी, ते एक दाना थोडाच हाय? ते फुटून पडन. तुकडे होतीन त्याचे."

माझ्या मनात हाच प्रश्न होता, आणि तो कुणी विचारू नये असं मला वाटत होतं.

"हो आबा, फुटन," सुजाता म्हणाली. तिनं त्यांच्या ओंजळीत मूठभर जोंधळा ओतला. "मूठभर फेका."

आबांनी पाठ केली आणि सगळी मूठ झोकून दिली. दाणे लांब पट्ट्यात विखुरले, आफ्रिकेच्या टोकापासून खालच्या समुद्रापर्यंत. आबा वळले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि बराच वेळ पाहत राहिले.

"आन समजा," ते हळूच म्हणाले, "एखादा इकडं पडलाच त?"

इथं मी खोटा धीर दिला असता. तोंडावर शब्द आले होते. सुजातानं दिला नाही.

"पडू शकते. मी नाईच पडत असं म्हनत नाई. पन आबा, आपल्या शिवारात दरसाल वीज पडते. त्या पायी आपून निंदाले जानं सोडलं काय? मी उद्या सकाळी आमच्या वावरात जाऊन राह्यली. माय बी येते. कोनाले याचं असन त या."

तिची आई दाराशी उभी होती. तिला हे आधी ठाऊक नसावं, असं तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. पण तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "येतो. नाई त गवतच खाऊन टाकन आपल्याले."

मी त्या दिवशी मेडशीतच राहिले. सकाळी आभाळ उघडलं होतं. सुजाता, तिची आई, मी आणि नामदेवराव वावरात गेलो. आम्ही बराच वेळ एकटेच होतो. मला निंदता येत नव्हतं, मी जोंधळाही उपटत होते, आणि सुजाताची आई मला दर दोन पावलांनी "ते नाई बाई, हे" असं सांगत होती. मग बांधावर चार बाया दिसल्या. मग आणखी. ऊन चढेपर्यंत शिवारभर विळे चालत होते. दुपारी किसनआबांच्या वावरातही बाया होत्या आणि आबा स्वतः बांधावर छत्री घेऊन बसले होते. मला पाहून त्यांनी छत्री वर केली.

आठवडा उलटायच्या आत एके दिवशी सकाळच्या बातम्यांत सांगितलं, की स्कायलॅब पडली. बरीचशी समुद्रात, काही तुकडे ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात, कुणालाही इजा नाही. मी तेव्हा कारंज्यात होते. दुपारी मेडशीहून मुख्याध्यापकांचा माणूस आला. निरोप असा होता, की बाईंनी येत्या शनिवारी वर्ग घ्यावा, आणि किसनआबा विचारतात की मोठ्या माणसांना बसता येईल का. त्या शनिवारी खोलीत पोरांना जागा उरली नाही. फरशीवरचा नकाशा लोकांनी पुसू दिला नव्हता. कडेकडेनं चालून लोकांनी मधला समुद्र सांभाळला होता.

ही माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी मिळकत. नंतर वर्गाला खात्याचा पाठिंबा मिळाला, तसा काही वर्षांनी तो गेलाही. कामरगावच्या दोन हुशार मुलींना घरच्यांनी शेवटपर्यंत संध्याकाळी येऊ दिलं नाही. त्यांच्या हाती फळी कधी आलीच नाही, हे मला सलतं. वानखडे सर बदलून गेले. सुजाता पुढे गणिताची शिक्षिका झाली, आणि मुलांना वर्गाबाहेर नेते म्हणून तिच्या मुख्याध्यापकांच्या तक्रारी माझ्यापर्यंत येत राहिल्या. त्या मी कौतुकानं ऐकल्या.

पण एक दिवस सांगितल्याशिवाय मला थांबता येणार नाही. तो दशक संपल्यावरचा, लगेच पुढच्या फेब्रुवारीतला. मोठं सूर्यग्रहण होतं. आमच्याकडे खग्रास नव्हतं, पण सूर्य पार कोरीएवढा उरणार होता. सगळ्या देशानं त्या दुपारी दारं लावून घेतली. मी मालेगावहून मेडशीला निघाले तेव्हा एसटीत ड्रायव्हर, कंडक्टर आणि मी, एवढेच होतो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. वाटेतली गावं बंद, विहिरी ओस, चहाच्या टपऱ्यांवर पोती टाकलेली. ड्रायव्हर मान खाली घालून गाडी हाकत होता. वर पाहायची त्याची छाती नव्हती.

मेडशीच्या फाट्यावर गाडी थांबवावी लागली. सगळं गाव रस्त्यावर होतं. म्हातारे, बाया, कडेवरची पोरं, सगळे सूर्याकडे पाठ करून उभे, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हातात धान्याची चाळणी. चाळणीच्या भोकाभोकातून ऊन खाली उतरत होतं, आणि धुळीत शेकडो इवल्या सूर्यकोरी पडल्या होत्या. पोरं त्या कोरी न तुडवता उड्या मारत होती. सुजाता एकेका म्हातारीची चाळणी वर-खाली करून देत होती.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. कुणी हललं नाही. त्यानं खिडकीतून डोकं काढलं. "काहून बाप्पा, रस्ता काहून अडवला? गिरान हाय, घरात जा न."

किसनआबा चाळणी घेऊन गाडीजवळ आले. "गिरान हाय म्हूनच त बाहेर हाओ," ते म्हणाले. "उतर खाली. वरतं पाहू नको, खाली पाह्य."

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, दार उघडलं आणि खाली उतरला. आबांनी चाळणी त्याच्यासमोर धरली. त्यानं घाबरत घाबरत तळहात पुढं केला, आणि त्याच्या हातावर सूर्याच्या बारीक बारीक कोरी येऊन बसल्या.